पोहता येणाऱ्या मुलांना जीवरक्षण शिकवावं का?

निळीशाई:
मुलगी अकरा वर्षांची, चारही स्ट्रोक छान येतात. पाण्याची काळजी मिटली असं मी धरून चालले होते. मागच्या महिन्यात कोचनी सगळ्या मुलांना टीशर्ट-जीन्स घालून पाण्यात उतरवलं. एरवी पन्नास मीटर हसतखेळत कापणारी माझी पोर पंधराव्या मीटरला थांबली. टीशर्ट बगलेपर्यंत चढून अंगाला चिकटलेला, पाय जड झालेले, हात वर उचलवेना. ती तिच्या पहिल्या दिवशीही एवढी घाबरली नव्हती. कोचनी तिला उताणं केलं आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत नुसतं तरंगायला लावलं.

नेदरलँड्समध्ये पोहण्याच्या पहिल्या परीक्षेतच, म्हणजे ए डिप्लोमाला, मुलांना कपड्यांनिशी पोहावं लागतं. आपल्या मुलांचे मात्र पोहायला आल्यावरचे सगळे तास वेळेतले सेकंद कमी करण्यात जातात. त्यातले थोडे तरी स्वतः कसं तगायचं आणि दुसऱ्याला कसं वाचवायचं, यासाठी हवेत. तुम्हाला काय वाटतं?

काठावरचा:
स्वतः तगायला शिकवा, शंभर टक्के मान्य. 'दुसऱ्याला वाचव' हे मात्र अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात घालू नका, ताई. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला कवटाळतो. वाचवायला आलेल्याच्या खांद्यावर चढतो, त्याला खाली दाबतो. हे तो मुद्दाम करत नाही, त्याला फक्त हवा हवी असते. पण खालचं मूल त्यात जातं. छातीवर जीवरक्षकाचा बिल्ला लावलेला पोरगा मित्र गटांगळ्या खाताना काठावर थांबेल? मी बाप आहे, मला नाही वाटत.

जुनासूर:
दादा, थांबायला शिकवणं हेच तर त्यातलं मोठं काम. मी मुलांना हेच शिकवतो. ज्याला काही शिकवलेलं नाही तेच मूल उडी मारतं, कारण त्याला दुसरं काही सुचतच नाही. आम्ही क्रम घोटून घेतो. आधी ओरडून मोठ्यांना बोलवायचं. मग काठावर पालथं पडून काठी किंवा टॉवेल पुढे करायचा. तेवढं पोचत नसेल तर तरंगणारं काहीतरी फेकायचं. पाण्यात उतरायचं नाही.

दोरी फेकणं सोपं वाटतं, करून बघा. पहिल्या वेळी बहुतेकांची दोरी अर्ध्यावर पडते, किंवा दुसरं टोकही हातातून सुटून सगळीच पाण्यात जाते. दोरीला रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन बांधायचा, दुसरं टोक पायाखाली दाबायचं आणि बुडणाऱ्याच्या डोक्यापलीकडे फेकून हळूहळू ओढायचं. दहा वर्षांचं मूल दोन-तीन तासांत हे शिकतं.

आणखी एक. बुडणारा ओरडतो, हात हलवतो असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, शरीर उभं, हात बाजूला पाणी दाबत असतात आणि आवाज नाही. पूर्ण खाली जायला अनेकदा 20 ते 60 सेकंदच लागतात. हे ओळखायला शिकलेलं मूल मोठ्यांच्या आधी ओरडेल.

रात्रपाळी:
मी नर्स आहे. चांगलं पोहणाऱ्या मुलांचा एक वेगळाच धोका कुणी बोलत नाही. 'पाण्याखालून कोण लांब जातो' ही पैज. त्याआधी मुलं भराभर खोल श्वास घेतात. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यायची ऊर्मी उशिरा येते आणि तेवढ्यात मेंदूचा ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते. गटांगळ्या नाहीत, धडपड नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं अजून पोहतंय. नवशिक्याला हे जमतच नाही, जमतं ते पट्टीच्या पोहणाऱ्याला. म्हणून हे शिक्षण आधी त्यांनाच द्या.

सीपीआरबद्दलही, म्हणजे श्वास थांबलेल्याची छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याबद्दल. बुडालेल्याला आधी हवेची गरज असते, म्हणून युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत छाती दाबण्याआधी पाच श्वास देतात. लहान मुलाच्या हातात मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर दाबण्याचं बळ नसेल, पण पद्धत आत्तापासून बसते.

तीनमुलांचीआई:
माझा विरोध दुसऱ्याच कारणासाठी आहे. मुलं शिकली की आपण निर्धास्त होऊन मोबाइलमध्ये डोकं घालणार. धाकट्यावर लक्ष ठेवायचं काम थोरलीवर ढकललं जाणार. उद्या काही विपरीत झालं तर 'तुला तर येत होतं ना' हे ती जन्मभर ऐकेल. एवढं ओझं का लादायचं तिच्यावर?

जुनासूर:
ताई, तुमचा हा मुद्दा माझ्या मनाला लागला. पहिल्या दिवशी आम्ही पालकांनाही समोर बसवतो आणि 'लक्ष ठेवणं तुमचंच काम' असं मुलांदेखत सांगतो. तरी तुम्ही म्हणता ते काही घरांत होतंच, ते नाकारत नाही.

काठावरचा:
श्वास रोखण्याचं मला माहीत नव्हतं. माझा मुलगा ही पैज लावतो. आज रात्रीच बोलतो त्याच्याशी. ओळखणं, ओरडणं, फेकणं, सीपीआर, सगळं शिकवा. पण पाण्यात उतरून कुणाला ओढून आणण्याचा सराव लहान मुलांना नको, आणि तो बिल्ला तर नकोच नको. त्यावर माझं मत बदललेलं नाही.

निळीशाई:
बिल्ल्याचं पटतंय, कोचशी बोलते. काल मुलीला विचारलं, "मैत्रीण खोल पाण्यात बुडताना दिसली तर?" क्षणभरही विचार न करता म्हणाली, "उडी मारीन." तिला अजून हे कुणीच शिकवलेलं नाही.