विषय: टो बोटीचा वेग धरून ठेवणारी सिस्टीम – गंगापूर बॅकवॉटर, नाशिक

प्रेषक: गंगापूर रोडवाली (आधी मिशिगन, आता नाशिक)

मंडळी, नमस्कार.

परत आले तरी यादीतून नाव काढलं नव्हतं, त्याचा आज फायदा घेते. माझ्या भाच्याने मुंबईच्या एका क्लबकडून जुनी अमेरिकन स्की बोट घेतली आहे. नव्वदच्या दशकातली, इनबोर्ड, ५.७ लिटरचं व्ही-एट पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटरवालं. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरवर मुलांना वेकबोर्ड (बोटीच्या दोराला धरून फळीवर उभं राहणं) शिकवतो, थोडे मोठे स्लॅलम, म्हणजे स्कीवर तरंगत्या गोळ्यांना वळसे घालणं, करतात. परवानग्या, लाइफ जॅकेट, विमा सगळं रीतसर झालंय, कृपया त्यावर वेगळा फाटा फोडू नका.

अडचण वेगाची आहे. बोट चालवणारा मुलगा चांगला आहे, पण दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की जाताना एक वेग आणि येताना दुसरा. स्पीडोमीटरची नळी गाळाने बुजते, पावसाळ्यात तर विचारूच नका. मोबाईल डॅशबोर्डवर चिकटवून पाहिला, पण आकडा नेहमी मागून येतो. भाच्याच्या डोक्यात 'झीरो ऑफ' ही जीपीएसने वेग धरणारी सिस्टीम बसलीय, कारण स्पर्धांमध्ये तीच असते. बसवण्यासारखं आहे का? नसेल तर काय घ्यावं?

---

प्रेषक: सिडनीकर

ताई, आधी माझं तिरकं मत घ्या. आम्ही हॉक्सबरी नदीवर वर्षानुवर्षं नुसत्या हाताने बोटी चालवल्या. चालवणाऱ्याला इंजिनचा आवाज ऐकायला शिकवा, पैसे वाचतील.

आणि घ्यायचंच असेल तर जीपीएसवर आंधळा विश्वास नको. जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग सांगतो, स्की चालते पाण्यावर. आमच्या नदीला भरती-ओहोटीची ओढ असते, तेव्हा दोन्हींत चांगलाच फरक पडतो. म्हणून इथले जुने लोक पाण्याचा वेग मोजणारं बुडाखालचं चक्र, पॅडल व्हील, अजून काढून टाकत नाहीत.

---

प्रेषक: ओरलँडोवाला

ताई, झीरो ऑफ विसरा. चांगलं नाही म्हणून नव्हे, तुमच्या बोटीला ते लागणारच नाही म्हणून. त्याला वेगळी मोटर नसते. ते थेट इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलतं आणि कॉम्प्युटर थ्रॉटल, म्हणजे इंजिनची ताकद कमी-जास्त करणारी झडप, उघडतो-मिटतो. म्हणजे थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक हवं, ज्याला इकडे ड्राइव्ह-बाय-वायर म्हणतात. तुमच्या इंजिनला कॉम्प्युटरच नाही. लिव्हरपासून कार्ब्युरेटरपर्यंत लोखंडी केबल जाते. केबल दिसली की निम्मा प्रश्न तिथेच सुटला: तुम्हाला सर्व्होवालं, म्हणजे केबल हलवणाऱ्या छोट्या मोटरचं, किट हवं.

त्यात वर्षानुवर्षं चाललेलं नाव म्हणजे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचं परफेक्ट पास. त्यांच्या जुन्या पिढ्या आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि पॅडल व्हीलवर चालत, नंतर 'स्टार गेझर' हे जीपीएसवालं आलं. तुम्ही जीपीएसवालंच घ्या. कारण सांगतो.

आरपीएम धरणारी सिस्टीम इंजिनचे फेरे कायम ठेवते, बोटीचा वेग नव्हे. समोरून वारा आला, मागे दोन पोरं जास्त बसली, बोटीमागची लाट (वेक) मोठी करायला पाण्याच्या पिशव्या भरल्या, की त्याच फेऱ्यांवर बोट हळू जाते. तुमची दुपारची तक्रार हीच आहे, त्यामुळे आरपीएमवालं घेऊन ती जाणार नाही. पॅडल व्हील पाण्याचा खरा वेग सांगतं, हे सिडनीकरांचं बरोबर. पण ते बुडाखाली फिरणारं चिमुकलं चक्र, गाळात आणि पाणवेलीत अडकायला तयार. धरणाच्या साठ्यात स्कीच्या पट्ट्यापुरतं पाणी जवळपास स्थिरच असतं, तिथे जमिनीचा वेग आणि पाण्याचा वेग एकच. हॉक्सबरीचा नियम गंगापूरला लावू नका.

मोबाईल मागून का येतो तेही सांगतो. साधा फोन सेकंदाला एकदा जागा मोजतो. ताशी ५८ किमीच्या वेगाला एका सेकंदात बोट सोळा मीटर पुढे गेलेली असते. आणि स्लॅलमचा माणूस वळण घेऊन दोर ओढतो तेव्हा बोट लगेच मंदावते. ती ओढ लागताक्षणी थ्रॉटल उघडायला हवं, नंतर नाही. या सिस्टीमचे जीपीएस म्हणूनच फोनपेक्षा कितीतरी वेगाने मोजतात.

हाताने जमतं का? वेकबोर्डला जमतं. स्लॅलमला नाही जमत, सिडनीकर, राग मानू नका. स्लॅलमच्या पट्ट्यात सुरुवातीच्या गेटपासून शेवटच्या गेटपर्यंत २५९ मीटर, मध्ये वळसा घालायचे सहा बॉय (तरंगते गोळे). पुरुषांची कमाल ताशी ५८ किमी, म्हणजे १६.०८ सेकंद. बायकांची ५५, म्हणजे १६.९५. दोन्हींत एक सेकंदसुद्धा फरक नाही. कानाने ऐकून हे धरणारा ड्रायव्हर मला अजून भेटायचाय.

शिकणाऱ्या पोरांसाठी आकडे वेगळे: वेकबोर्डला साधारण ३० ते ३५, अगदी लहानांना त्याहून कमी. आणि एक लक्षात असू द्या, सिस्टीम वेग धरते, पोराला पाण्यातून उठवत नाही. उठवणं ड्रायव्हरच्या हातातच राहतं, आणि शिकवण्यात खरी कसोटी तीच असते.

---

प्रेषक: सातपूरकर (मुक्काम न्यू जर्सी, मुलाकडे)

आमचं अख्खं आयुष्य सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे बसवण्याच्या बाजूने लिहितो. बोटीतलं मला फारसं कळत नाही, केबल आणि लिव्हर कळतं.

ओरलँडोवाल्यांनी मला खासगीत बसवण्याची माहिती पाठवली. रचना साधी आहे. हाताच्या लिव्हरची केबल इंजिनपाशी सोडवायची, ती सर्व्होच्या युनिटला जोडायची, आणि सर्व्होतून छोटी केबल कार्ब्युरेटरच्या लिव्हरला न्यायची. सर्व्हो फक्त मागे खेचू शकतो. तुमच्या हाताने जितकं थ्रॉटल दिलंय त्याच्यापुढे तो जाऊ शकत नाही. मला हे फार आवडलं. म्हणून ड्रायव्हरने ठरलेल्या वेगापेक्षा लिव्हर थोडी पुढे ठेवायची, नाहीतर सर्व्होला खेळायला जागाच उरत नाही आणि मग लोक म्हणतात सिस्टीम बिघडली.

ब्रॅकेट किटमध्ये येतो, पण जुन्या बोटीत भोकं जुळतीलच असं नाही. सातपूर किंवा अंबडला कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन मिलीमीटर स्टेनलेसचा करून घ्या. गोडं पाणी आहे, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस पुरे, महागड्या ३१६ साठी पैसे मोजू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब ठेवा. केबलला आठ इंच त्रिज्येपेक्षा घट्ट वळण देऊ नका. वळणात केबल घासली की थ्रॉटल अडखळतं, आणि मग पोरगा सर्व्होला शिव्या घालत बसतो.

आणि एक हात जोडून सांगतो. इंजिनच्या खोलीत गाडीच्या दुकानातला रिले किंवा स्विच लावू नका, कितीही स्वस्त असला तरी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते. तिथलं सगळं सामान ठिणगी बाहेर न पडू देणारं, मरीन प्रतीचंच हवं. इंजिन चालू करण्याआधी वाफ बाहेर काढणारा पंखा, ब्लोअर, चार मिनिटं चालवा. आमच्या नाशिकच्या लोकांना "काही होत नाही" म्हणायची सवय आहे, म्हणून स्पष्ट लिहिलं.

---

प्रेषक: गंगापूर रोडवाली

सगळ्यांचे आभार. भाच्याने झीरो ऑफचा नाद सोडला, थोडा हिरमुसला आहे. दोन शंका. एक, बोटीवर त्याने दणदणीत म्युझिक सिस्टीम बसवली आहे, त्याच वायरवरून करंट घेतला तर चालेल का? दोन, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, त्याने काही बिघडतं का?

---

प्रेषक: ओरलँडोवाला

म्युझिकच्या वायरवरून मुळीच नको. बासचा ठोका पडला की व्होल्टेज खाली येतं, डिस्प्ले विझून पुन्हा सुरू होतो, आणि मागे पोरगं दोराला लटकलेलं असतं. इग्निशनच्या चावीनंतरच्या लाइनवरून वेगळी वायर, वेगळा फ्यूज. अर्थिंगची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हकडे. वायर कथील चढवलेल्या तांब्याची, सांधे दाबून बसवलेले, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. फेऱ्यांचा सिग्नल इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून मिळतो. मरीन वायरिंगमध्ये ती वायर बहुतेक राखाडी असते, पण तुमची बोट किती हातांतून गेली कुणास ठाऊक, मीटर लावून खात्री करा. सेटिंगमध्ये आठ सिलिंडर निवडायला विसरू नका.

जीपीएसचा गोळा डॅशबोर्डच्या आतून चिकटवला तरी चालतो, फायबरग्लासमधून सिग्नल जातो. दोर बांधायच्या धातूच्या टॉवरखाली किंवा स्पीकरच्या चुंबकाजवळ नको.

उंचीचं म्हणाल तर कार्ब्युरेटरचं इंजिन तिथे साधारण पाच-सहा टक्के ताकद गमावतं. सिस्टीमला त्याने काही होत नाही, ती थोडं जास्त थ्रॉटल मागेल इतकंच. पण बोट आधीच जड असेल आणि ५५ ला थ्रॉटल जवळपास संपत असेल, तर सर्व्हो काहीही करू शकणार नाही. मग प्रोपेलर कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे ढकलणारा) घ्या, इलेक्ट्रॉनिक्सवर खर्च नंतर.

पहिल्या दिवशी पाण्यावर जाण्याआधी इंजिन बंद ठेवून लिव्हर पूर्ण पुढे, पूर्ण मागे करा. एकाने कार्ब्युरेटरकडे पाहत राहायचं. पुढे नेल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडलं पाहिजे, मागे आणल्यावर रिटर्न स्प्रिंगने खटकन आयडलच्या खिट्टीला टेकलं पाहिजे. सर्व्होची वायर काढूनही तेच करा. एवढं जमलं नाही तर दोराला माणूस बांधायचाच नाही. मग धक्क्याला बांधलेल्या बोटीत इंजिन सुरू करून आयडल, आणि मगच मोकळ्या पाण्यात रिकामी फेरी, दोन्ही दिशांनी. बॅकवॉटरच्या काठावर २५९ मीटर मोजून दोन खुणा लावा. ५५ ला दोन्ही बाजूंनी १७ सेकंदांच्या आसपास आलं की झालं.

---

प्रेषक: सिडनीकर

हरलो. पण ड्रायव्हरला आवाज ऐकायला शिकवाच, डिस्प्ले विझला तर तेवढंच उरतं.

---

प्रेषक: गंगापूर रोडवाली

मान्य. मागवायला किटची किंमत हजार डॉलरच्या वर दिसते आहे. बोटीचं मॉडेल, वर्ष, इंजिनची पाटी आणि केबलच्या दोन्ही टोकांचे फोटो भाचा आज पाठवतोय, कारण किट इंजिनप्रमाणे वेगळं येतं. अमेरिकेतून डिसेंबरात कुणी नाशिकला येत असेल तर खोकं आणाल का? बिल सोबत ठेवा, कस्टमला दाखवायचं, ड्युटी आम्ही भरू. जाताना नाशिकचा चिवडा बांधून देईन, वजनाचा हिशेब आधी कळवा.