सल्ला हवा: 'अ क्लॅश ऑफ किंग्ज'ची कोणती प्रत घ्यावी? (बजेट ५०० रुपये)

मीरा_बदलापूर: जॉर्ज आर. आर. मार्टिनची काल्पनिक राज्यांवरची कादंबरी 'अ गेम ऑफ थ्रोन्स' वाचनालयातून आणली होती, परवा संपवली. शेवटची शंभर पानं रात्री दोनपर्यंत जागून वाचली. दुसरा भाग, 'अ क्लॅश ऑफ किंग्ज', वाचनालयात नाही, म्हणून विकत घ्यायचाय. बजेट जास्तीत जास्त ५००. माझं वाचन सगळं लोकलमध्ये, बदलापूर ते दादर, त्यातलं निम्मं उभ्याने. कोणती प्रत घ्यावी? आणि पहिल्याइतका दम आहे का यात? टीव्ही मालिका पाहिलेली नाही, कृपया कथा फोडू नका.

जुनी_पानं: एकेक कशाला घेताय? सरळ सात पुस्तकांचा खोका घ्या. मी घेतला, कपाटात दिसतोही छान. दुसरा संपला की तिसऱ्यासाठी थांबवत नाही. बजेट थोडं वाढवा.

सातारी_गडी: बजेट ५०० लिहिलंय त्यांनी.
बाकी खोक्याबद्दल सगळ्यांनी नीट ऐका. पुस्तकं सात, पण कादंबऱ्या पाचच. ब्रिटिश पेपरबॅकमध्ये तिसरी आणि पाचवी प्रत्येकी दोन खंडांत आहे. मी सुटी प्रत मागवताना 'पार्ट टू' बघून दुसरा भाग समजलो. आलं तिसऱ्याचं उत्तरार्ध, 'ब्लड अँड गोल्ड'. मी भोळेपणाने वाचत सुटलो. ज्या धक्क्यासाठी ती कादंबरी ओळखली जाते तो असा फुकट गेला, आजही हळहळ वाटते. मुखपृष्ठावर 'अ क्लॅश ऑफ किंग्ज' हीच अक्षरं बघा, आकड्यावर जाऊ नका.

रात्रपाळी: किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र. गर्दीत एका हाताने धरता येतं, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. विषय संपला.

घाटमाथा: दमाबद्दल कुणीच बोललं नाही. माझं स्पष्ट मत, पहिल्या तीनशे पानांत धीर धरावा लागतो. राजे पाच, त्यात बाराथिऑन घराण्यातल्या भावांची भाऊबंदकी. त्यातल्या रॉब या राजाच्या लढाया तर पानावर दिसतच नाहीत, कुणीतरी येऊन बातमी सांगतो. प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून आहे, त्यात डॅनीची मोजकी, पाचच. मी दोनदा अर्धवट टाकलं होतं.

कांदेवाला_सरदार: असहमत. लढाई न दाखवणं हीच तर गंमत आहे. युद्ध चालू असताना घरी बसलेल्यांना बातमीच मिळते, तीही उशिरा आणि अर्धी. आणि डॅव्हॉससाठी तरी वाचाच. मूळचा तस्कर. वेढ्यात उपाशी पडलेल्या किल्ल्यात कांदे आणि खारे मासे पोचवले म्हणून सरदारकी मिळाली, आणि जुन्या तस्करीची शिक्षा म्हणून त्याच धन्याने डाव्या हाताच्या चार बोटांची टोकं छाटली. ती हाडं तो गळ्यात पिशवीत बाळगतो आणि त्या धन्याला न्यायी म्हणतो! राजनिष्ठा काय असते ते मला या माणसाने दाखवलं. त्याची प्रकरणं फक्त तीन आहेत, सावकाश वाचा.

जुनी_पानं: मालिकेचा दुसरा सीझन बघितला तरी चालेल, सगळं तेच आहे.

कांदेवाला_सरदार: तेच नाही! आर्या या मुलीचा हॅरनहॉल किल्ल्यातला काळ पार बदललाय. शेवटच्या नदीवरच्या लढाईत जहाजं अडवणारी साखळीच गाळली आहे.

रात्रपाळी: झालं, साखळी सांगून टाकली. ताईंनी फोडू नका म्हटलं होतं ना?

इतिहासवेडा: ती कल्पना कॉन्स्टँटिनोपलची, म्हणजे आजच्या इस्तंबूलची. तिथल्या गोल्डन हॉर्न खाडीच्या तोंडाशी साखळी असे. १४५३ साली ओटोमन सुलतानाने गलबतं जमिनीवरून ओढून ती चुकवली.

घाटमाथा: मार्टिनने स्वतः इंग्लंडच्या गुलाबयुद्धांचं, म्हणजे पंधराव्या शतकातल्या गादीसाठीच्या लढायांचं, ऋण सांगितलंय. तिथली लँकेस्टर-यॉर्क घराणी म्हणजेच कादंबरीतली लॅनिस्टर-स्टार्क.

इतिहासवेडा: मी साखळीबद्दल बोलतोय, घराण्यांबद्दल नाही.

सातारी_गडी: धागा प्रतीबद्दल आहे.

पुस्तकवेडी_आई: रस्त्यावरच्या ढिगातून घेऊ नका. माझ्या प्रतीत मधली सोळा पानं दोनदा होती आणि पुढची सोळा गायब. अमेरिकन छोटी खिशातली आवृत्तीही नको, मुंगीएवढी अक्षरं, माझं डोकं दुखायचं. ब्रिटिश पेपरबॅकच घ्या. शेवटी घराण्यांची यादी आहे, तिथे खुणेची चिठ्ठी ठेवा, सारखी उघडावी लागते.

जुनी_पानं: +१ ब्रिटिश पेपरबॅक. खोक्यात तेच येतं.

रात्रपाळी: किंडलवर यादी शोधता येते.

मीरा_बदलापूर: सगळ्यांचे मनापासून आभार. साखळीचं वाचलं, राग नाही, फक्त पुढचं कुणी सांगू नका.
काल ब्रिटिश पेपरबॅक दुकानात हातात घेऊन पाहिली. एका हातात धरली की मनगट भरून येतं, आणि दांडा धरायला दुसरा हात लागतोच. शेवटी अमेरिकन छोटी आवृत्तीच घेतली, जुनी, १८० रुपयांत. आई, तुमचं अक्षरांबद्दलचं खरं आहे, चष्मा लावूनही पान जवळ धरावं लागतं. पण पर्समध्ये मावते आणि अंगठ्याने पान उलटतं. यादीत चिठ्ठी ठेवली आहे. आज अंबरनाथ ते ठाणे उभ्याने वाचलं, आभाळात लाल धूमकेतू आहे आणि म्हातारा मेस्टर (किल्ल्यातला विद्वान वैद्य) क्रेसेन जिना चढतोय.

कांदेवाला_सरदार: पुढचं प्रकरण बसायला जागा मिळाली की वाचा.