मदत हवी आहे : साठीनंतर रॉक कॉन्सर्टला जाताना कान आणि गुडघे कसे सांभाळता?

नमस्कार मंडळी. मी ६४ वर्षांची, ठाण्यात राहते. २००७ मध्ये आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आला तेव्हा बसने गेले होते, २०१९ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यू-टू या आयरिश रॉक बँडला ऐकलं. हा आनंद मला सोडायचा नाहीये.

पण मागच्या हिवाळ्यात एका मैदानावर साडेचार तास उभी राहिले. टेकायला साधा बाक नाही, गेटवर माझी घडीची काठीसुद्धा काढून घेतली. घरी आले तर डाव्या कानात बारीक शिट्टी, ती तीन दिवस थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, १०० डेसिबलला पंधरा मिनिटांपुढे कानाला धोका असतो.

मेडिकलमधले फोमचे बोळे घालून पाहिले. आवाज कमी होतो, पण झांजा पार बुजतात आणि गिटारचा सोलो रजईखालून आल्यासारखा वाटतो. वादक वापरतात ते फिल्टरवाले इअरप्लग कुणी घेतलेत का? किती डेसिबल कमी करणारे घ्यावेत?

खुर्चीचं तिकीट काढलं तरी पुढचे सगळे उभे राहतात, मग नेमकी कुठली जागा बघता? काठीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी चालते, की आयोजकांना आधी मेल करावा लागतो?

मुलगा म्हणतो, घरी टीव्हीवर बघ. बास ड्रम छातीत वाजतो ते टीव्हीवर कुठून मिळणार? ठाण्याकडचं आमच्या वयाचं कुणी जाणार असेल तर जरूर सांगा, रात्री परतताना सोबत होईल.