सेल्फचा वरचा बोल्ट: तुमचाही अनुभव लिहा

आज सकाळी शेजारच्यांची जुनी ओमनी नुसती 'टक्' करून गप्प बसली. बॅटरी नवी, दिवे लख्ख. तो 'टक्' ऐकला आणि मी थेट खानापूरच्या अंगणात.

बाबांची ओमनी, के ए २२, म्हणजे बेळगाव पासिंगची. श्रावणातला पाऊस, वर ताडपत्री बांधलेली. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उतरवायला घेतला. खालचा बोल्ट लगेच सुटला. वरचा गिअरबॉक्सच्या खांद्यामागे, डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच लागतो. बाबांचा हात मनगटाशी अडकायचा. मी सहावीत. "बाळ, तुझा हात बारीक आहे, घाल बघू," म्हणाले. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीय ना, ते परत उठून बघून आले. गार लोखंड, रॉकेलचा वास, कोपरापर्यंत काळं. रिंग पाना डोक्यावर बसला ते बोटांना कळलं. मग बाबांनी त्या पान्यात दुसरा पाना अडकवून ताण दिला. 'कर्र'. बाबा जाऊन चार वर्षं झाली, तो आवाज अजून तसाच कानात आहे.

कुणी काढलाय का असा बोल्ट? लिहा ना.

निपाणीचा अण्णा: डोळे भरून आले ताई. आमच्याकडं आदल्या रात्री बोल्टवर डिझेल सोडून ठेवतात. सकाळी आधी किंचित आवळायचा, 'कट्' झालं की मग सोडायचा. सरळ उलटा ओढला की डोकं गोल झालंच म्हणून समजा. अ‍ॅल्युमिनियमच्या घरात लोखंडी बोल्ट, त्यात खानापूरचा पाऊस. गंज धरणारच की.

येळ्ळूरकर: फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाचा पाना लावूच नका. रिंगच. सगळे कोपरे धरते.

मलप्रभाकाठ: खानापुरात कुठं वो ताई? माझं आजोळ तिथलं.

धागाकर्ती: नदीकडच्या उतारावर. पुरात पाणी पायरीपर्यंत यायचं.

मलप्रभाकाठ: मग ओळखीचेच निघणार आपण!

चिकोडीवाला: आमची मॅटाडोर. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला निघालेलो, बायाबापड्या, पोरं, परड्या, शिधा, सगळं आत. संकेश्वरला चहा प्यायलो आणि सेल्फ मेला. मग अख्खी यात्रा धक्क्यावर. गाडी लावायची ती उतारावरच. आईचं 'उदो उदो' म्हणत बायकाच ढकलायच्या, आणि काय जोर! परत आल्यावर एका गॅरेजात दिली. त्या माणसानं वरचा बोल्ट मोडला आणि काही न सांगता खालच्या एकावर सेल्फ बसवून दिला. महिन्यात सेल्फ हलायला लागला, त्याचं पिनियन, म्हणजे पुढचं छोटं दातेरी चाक, तिरकं बसून त्यानं इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, फ्लायव्हीलच्या, रिंगचे दात खाल्ले. गिअरबॉक्स उतरवावा लागला. मोडला तर मोडला, सांगा की बाबा! आजही राग येतो. गाडी कामावरनं आली की दोन्ही बोल्ट हात लावून बघत जा.

उद्यमबाग शिफ्ट: मोडलेला बोल्ट बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारायचं. उष्णतेनं गंज सुटतो, धरायला डोकंही मिळतं. आत मोडला असेल तर बरोबर मध्यावर पंच, मग ड्रिल. ड्रिल बाजूला सरकला की आटे गेले. लंच संपला, बाकी रात्री लिहितो.

शहापूरची वहिनी: आमचे हे आत्ता ह्या क्षणी गाडीखालीच हायत. मला टॉर्च धरायला बोलवूलालेत, इकडं भाकरी तव्यावर. वाचून दाखवू काय त्यांना?

येळ्ळूरकर: वाचा वहिनी. सॉकेट असेल तर लांब एक्स्टेन्शन आणि वाकणारा जॉइंट लावा म्हणावं. आणि शेवटचा बोल्ट सुटताना सेल्फ खालून हातानं धरा, नाहीतर तोंडावर येतो. जॅकखेरीज टेकू लावलाय ना?

शहापूरची वहिनी: ठोकळे लावलेत दोन्हीकडं.

निपाणीचा अण्णा: ओमनी काय गाडी होती पण. १९८४ ला आली, २०१९ ला बंद झाली. इंजिन सीटखाली, उन्हाळ्यात बूड भाजायचं, तरी लग्नं, दवाखाने, बाजार सगळं तिनंच केलं.

मलप्रभाकाठ: आमच्या मामीचं बाळंतपण जांबोटीच्या रस्त्यावर ओमनीतच झालं. मुलगी आता इंजिनिअर आहे.

धागाकर्ती: अय्या! मामींना नमस्कार सांगा.

चिकोडीवाला: बसवताना बोल्ट हातातनं निसटत असेल तर सॉकेटात कागदाचा तुकडा दाबून बोल्ट घट्ट बसवा. आणि आधी बोटांनी चार आटे फिरवा, मगच पाना. आट्यांना ग्रीस लावाच, पुढच्या माणसाला सोपं जातं.

धागाकर्ती: बाबाही ग्रीस लावायचे. करंगळीनं.

शहापूरची वहिनी: सुटला वो सुटला! आधी आवळून मग सोडला. सेल्फमधले कार्बन, वीज पोचवणारे ते तुकडे, पार झिजून गेलेत. सेल्फ पिशवीत घालून उद्यमबागेला गेलेत, न जेवताच. अण्णा, येळ्ळूरकर दादा, कुंदा द्यायचा लागतोय तुम्हाला.