मदत हवी आहे: लिनक्सवर पॉवरलाइन अडॅप्टरचा पासवर्ड कसा बदलायचा?

नमस्कार मंडळी,

राउटरपाशी एक आणि वरच्या खोलीत डेबियन लिनक्सच्या डेस्कटॉपपाशी एक, असे होमप्लग एव्ही मानकाचे दोन पॉवरलाइन अडॅप्टर (घरच्या वीजतारांतूनच नेट नेणारे प्लग) लावलेत. नेट लगेच चालू झालं. ड्रायव्हर लागतच नाही, कारण संगणकाच्या लेखी ती नुसती इथरनेटची केबल. खरी अडचण पुढे आहे.

दोन्हींवर कंपनीकडून आलेला सामाईक पासवर्ड तसाच आहे. वीजतारांतून सिग्नल शेजाऱ्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तो मला बदलायचाच आहे. कंपनीचा प्रोग्रॅम फक्त विंडोजसाठी. चिप क्वालकॉम अथेरॉसची, म्हणून ओपन-पीएलसी-युटिल्स (अशा चिपच्या अडॅप्टरांसाठीचा मुक्त साधनसंच) कंपाइल करून घेतलं. त्यातली पीएलसीटूल ही कमांड रूट (प्रशासक) म्हणून, नेटवर्क कार्डाचं नाव देऊन चालवली की जवळचा अडॅप्टर उत्तर देतो. लांबच्याची की (नेटवर्कच्या पासवर्डवरून बनणारी एन्क्रिप्शनची किल्ली) इथूनच बदलायची तर त्याच्या लेबलावरचा, त्याचा स्वतःचा सोळा अक्षरी पासवर्ड लागतो, आणि तो पार पुसट झालाय.

मग दोन्ही अडॅप्टर आळीपाळीने याच संगणकाला केबलने जोडून एकच की घातली तर चालेल ना? प्लग काढल्यावर ती टिकते का? की अडॅप्टरवरचं पेअरचं (जोडणीचं) बटण दाबणंच बरं? त्याने नवी, आपोआप तयार झालेली की बसते ना, ही खात्री हवी आहे.

कोणी लिनक्सवरून हे केलं असेल तर कृपया नेमकी कमांड सांगा.