शेंगा चटणीला तेल सुटेना, गुरुवारच्या आत सांगा

कुंभारवेस_घर : दोनदा केली, दोन्ही वेळा नुसता भुगा. आईची चटणी मुठीत दाबली की गोळा व्हायचा, कागदाला तेल लागायचं. गुरुवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं मुलगा पुण्याला निघालाय, अर्धा किलो द्यायची आहे. काय चुकतंय?

होटगीरोड : शेंगा भाजल्या कशा? मिक्सर की उखळ? काहीच लिहिलं नाही तर सांगायचं कसं?

कुंभारवेस_घर : नेहमीसारखीच केली ओ. मिक्सरला.

उखळवाली : तिथंच चुकलं. मिक्सरचं पातं दाणा कापतं, चेपत नाही. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, पण ते बाहेर यायला दणका लागतो. आमच्याकडं अजून लोखंडी उखळातच कुटतात.

जुळे_सोलापूर : फ्लॅटमध्ये उखळ कुठं कुटायचं? खालचे लगेच वर येतात. मिक्सरला उत्तम होते. आधी लसूण, जिरं, मीठ, तिखट फिरवा. मग गार झालेल्या शेंगा घालून बटण थांबवत थांबवत दाबा. सलग फिरवलं तर लगदा होतो.

उखळवाली : त्याला तिखट कूट म्हणायचं, चटणी नाही.

जुळे_सोलापूर : एकदा खाऊन बघा, मग बोला.

खाद्यवेडा : या चटणीतला शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही अमेरिका खंडातलीच, पोर्तुगीजांबरोबर इकडं आली. त्याआधी आपल्याकडं तिखटपणाला मिरी होती. मला याचं फार नवल वाटतं.

भाकरी_तव्यावर : सोबत कडक भाकरी द्या. पातळ थापायची, भाजून झाली की मंद तव्यावर दाबून पार वाळवायची. पीठ मंगळवेढ्याच्या ज्वारीचं घ्या, त्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

कुंभारवेस_घर : भाकरी तो खात नाही. चटणीचं सांगा हो.

होटगीरोड : परत विचारतो. शेंगा घरी भाजल्या का? कधी?

कुंभारवेस_घर : फ्रीजमध्ये खिचडीचा कूट होता, तोच घेतला. महिन्याभराचा असेल.

होटगीरोड : अहो, हे आधी सांगायचं! खिचडीला आपण दाणे हलकेच भाजतो. चटणीला मंद आचेवर, सालावर काळे ठिपके पडेपर्यंत भाजावे लागतात. आणि महिन्याचा कूट खवट व्हायला आलेला असतो, तो पोराला देऊ नका.

उखळवाली : ताज्या भाजा, पूर्ण गार करा. मिक्सर वापरायचाच तर जाडसर काढा आणि शेवटी खलबत्त्यात मूठमूठ घेऊन कुटा.

जुळे_सोलापूर : हे मात्र पटलं.

कुंभारवेस_घर : आत्ताच केली. तिसऱ्या मुठीला बत्ता चिकटायला लागला, तेल दिसलं! अगदी आईच्या हातचा वास आला. आता पिशवीत भरू का डब्यात?

उखळवाली : स्टीलच्या डब्यात, दाबून. कोरडा चमचा वापरायला सांगा. लसूण कच्चा आहे, पंधरा दिवसांत संपवू दे.