हॅचरीत टोचलेल्या लसीनंतर गंबोरोची पाण्यातली लस द्यावी का?

प्रश्न (ब्रॉयलरपालक, नाशिक जिल्हा)
नमस्कार. मागच्या बॅचमध्ये गंबोरो या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाने आमची बरीच पिल्ले दगावली. या वेळी हॅचरीत (अंडी उबवण केंद्रात) एक दिवसाच्या पिल्लांना मानेच्या कातडीखाली जनुकीय बदल केलेली लस टोचणार असून, नंतर पाण्यातून गंबोरोची लस देण्याची गरज नाही, असे सांगितले जाते. पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असताना पहिल्याच दिवशी दिलेली लस लागू कशी पडते? शिवाय, गिऱ्हाइके विचारतात, की असे चिकन खाल्ल्याने अपाय तर होणार नाही ना?

उत्तर (पशुवैद्य)
या लसीचा वाहक म्हणजे टर्की पक्ष्यातील हर्पीस विषाणू. तो कोंबडीला आजारी पाडत नाही, आणि मरेक्स या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगावरची लस म्हणून १९७० च्या दशकापासून वापरात आहे. त्याच्या जनुकसंचात गंबोरोच्या विषाणूचे केवळ एक जनुक, म्हणजे व्हीपी२ हे प्रथिन तयार करणारे, बसवलेले असते. हा वाहक पेशींच्या आत राहून वाढत असल्यामुळे आईची प्रतिपिंडे त्याला सहसा अडवू शकत नाहीत; पाण्यातल्या जिवंत लशीला मात्र ती निष्प्रभ करतात, म्हणूनच तिचा दिवस ठरवताना आपली एवढी ओढाताण होते. शिवाय जिवंत लशींपैकी तीव्र प्रकारच्या लशी बर्सा या पिल्लाच्या रोगप्रतिकारशक्तीच्या अवयवाला काही प्रमाणात इजा करतात. इथे गंबोरोचा पूर्ण विषाणूच नसल्याने बर्सा शाबूत राहतो, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. लसीतल्या या वाहक विषाणूमुळे माणसाला आजार होत नाही, हे गिऱ्हाइकांना निःशंकपणे सांगावे.

उत्तर (हॅचरीत काम करणारा)
लस चांगली असली तरी ती जिवंत पेशींत असते आणि उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. अँप्युल (लसीची सीलबंद कुपी) वितळवण्यात चूक झाली किंवा तयार केलेले मिश्रण तासभराहून अधिक काळ तसेच राहिले, तर पेशी मरतात आणि पिल्लाला सुई लागते, पण संरक्षण मिळत नाही. त्यामुळे नायट्रोजनच्या पातळीची नोंद दाखवायला हॅचरीला आवर्जून सांगा.

उत्तर (पशुवैद्य)
अगदी खरे. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि गंबोरोचा विषाणू शेडमध्ये महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून जुने लिटर (जमिनीवर पसरलेला भुसा) पूर्ण काढून, शेड धुऊन, निर्जंतुक करूनच पिल्ले उतरवा. या लसीने राणीखेत हा कोंबड्यांचा दुसरा रोग मात्र थांबणार नाही, तेव्हा त्यावरची लासोटा लस नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे द्या. राणीखेतचे जनुक बसवलेली, याच वाहकाची दुसरी लसही मिळते. पण दोन्ही एकत्र टोचल्यास एकीचा परिणाम दुसरीमुळे घटतो, हे हॅचरीशी बोलताना लक्षात असू द्या.